शंभर किलोमीटरच्या वर्तुळातलं तळं

मोठ्या शहरांच्या कडेला राहणाऱ्या लहान गावांबद्दल आपण बोलतो आहोत. आजचं गाव नकाशावर सापडायला जरा वेळ लागेल. पॅरिसचा नकाशा उघडा आणि शहराच्या मध्यापासून उत्तरेला अकरा-बारा किलोमीटर वर सरका. दाट वस्तीच्या राखाडी रंगात एक निळा ठिपका दिसेल. ते तळं, आणि त्याच्या काठाचं गाव म्हणजे आंग्यँ-ले-बँ. यातल्या 'ले-बँ'चा अर्थ स्नानगृहं. जुनी माणसं पहिल्या भागाचा उच्चार 'आंगँ' असा करतात, नवी बरीचशी 'आंग्यँ' म्हणतात. आम्ही नव्यांच्या बाजूने जातो, कारण बोलायला तेच सोपं आहे.

गाव केवढं, तर १.७७ चौरस किलोमीटर. त्यातलं चाळीसहून थोडं जास्त हेक्टर नुसतं पाणी. म्हणजे गावाचा जवळजवळ चौथा हिस्सा तळ्याचाच झाला. वस्ती अकरा-बारा हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावाला स्वतःचा महापौर आहे, स्वतःची नगरपालिका आहे. फ्रान्समध्ये याचं कुणाला नवल वाटत नाही, कारण तिथे सुमारे पस्तीस हजार नगरपालिका आहेत आणि कित्येकींची लोकसंख्या आपल्या एखाद्या वाडीएवढी आहे. नवल दुसरंच आहे. संपूर्ण फ्रान्समध्ये सर्वाधिक उत्पन्न मिळवणारा कॅसिनो या गावात आहे. खुद्द पॅरिसमध्ये कॅसिनो नाही. असू शकत नाही, कारण कायद्याने मनाई आहे. कशी, ते पुढे येईलच.

हे असं का झालं, एवढाच आजचा विषय. त्यासाठी सुरुवात मात्र एका वासापासून करावी लागते.

अठराव्या शतकात इथे गाव नव्हतंच. होतं ते एक तळं, आणि तेही निसर्गाने दिलेलं म्हणता येणार नाही. ओढ्याला बांध घालून मध्ययुगात अडवलेलं ते पाणी, बांधाशी एक पाणचक्की, तळ्यात मासे, कडेने दलदल. वरच्या टेकडीवर मोंमोराँसी नावाचं जुनं सरदारी गाव होतं आणि तळं त्याच जहागिरीत मोडायचं. जाँ-जाक रुसो १७५६ ते १७६२ या काळात मोंमोराँसीला राहत होता. त्याच्या काळात या तळ्याकडे हवापालटाला कुणी येत नसे.

चक्कीजवळून एक ओहोळ वाहायचा. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास यायचा, म्हणून लोकांनी त्याचं नावच 'घाण वासाचा ओढा' अशा अर्थाचं ठेवलं होतं. १७६६ साली मोंमोराँसीचा पाद्री लुई कोत याने या वासाकडे अभ्यासू नजरेने पाहिलं आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीला ते कळवलं. हा कोत मोठा चौकस गृहस्थ. हवामानशास्त्राच्या इतिहासात त्याचं नाव आजही घेतात, १७७४ साली त्याने त्या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. गावकऱ्यांना जी दुर्गंधी वाटत होती ती गंधकयुक्त पाण्याची खूण आहे, हे त्याने ओळखलं. पुढे फुर्क्रुआ या नामवंत रसायनशास्त्रज्ञाने या पाण्याचं पृथक्करण केलं आणि ते १७८८ मध्ये पुस्तकरूपाने छापलं गेलं.

इथे जरा थांबू, कारण पाण्यात गंधक येतो कुठून हे पाहण्यासारखं आहे. गणपतीच्या मूर्तींमुळे 'प्लास्टर ऑफ पॅरिस' हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. त्या नावातलं पॅरिस खरंच पॅरिस आहे. या शहराखाली आणि आसपासच्या टेकड्यांत जिप्समचे जाड थर आहेत. ते खणून, भाजून, दळून प्लास्टर तयार व्हायचं. मोंमोराँसीच्या टेकडीतही जिप्सम आहे. पावसाचं पाणी त्या थरांतून झिरपताना सल्फेट विरघळवून घेतं. खाली, जिथे हवा पोचत नाही आणि कुजलेला वनस्पतींचा अंश आहे, तिथले जिवाणू त्या सल्फेटमधला प्राणवायू काढून घेतात. उरतं सल्फाइड, आणि त्याच्यापासून तो अंड्याचा वास. चांदीचा चमचा अशा पाण्यात बुडवला तर काळा पडतो. हे पाणी थंडच वर येतं. गरम झरे म्हटलं की वज्रेश्वरीसारखं चित्र डोळ्यापुढे येतं, तसं इथे काही नाही. आंघोळीला पाणी तापवावं लागतं.

आणखी एक गैरसमज आत्ताच काढून टाकतो, पुढे त्याची गरज पडेल. औषधी पाणी तळ्याचं नाही. ते जमिनीखालून, वेगळ्या झऱ्यांतून येतं. तळं वर आहे, दिसायला सुंदर आहे, पण औषध म्हणून त्याचा काही उपयोग नाही. तरी गावाने दोन्ही पाणी एकमेकांशी असं काही जोडून टाकलं की पाहुण्याला फरक कळू नये.

ही जोडणी करणारा माणूस म्हणजे जाँ-बातिस्त पेलिगो. पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयाचा तो प्रशासक. त्वचारोगांसाठी ते रुग्णालय प्रसिद्ध होतं, त्यामुळे गंधकाच्या पाण्याचं मोल त्याला दुसऱ्याने सांगायला नको होतं. १८२०च्या दशकात त्याने इथे मोठं स्नानगृह उभारलं, तळ्याचे काठ नीट केले, फिरायला वाटा काढल्या. अठराव्या लुई राजाच्या पायाच्या जखमेला या पाण्याने गुण आला असं सांगतात, आणि राजाचा पाय ही जाहिरात कुठल्याही काळात चालतेच. दलदलीच्या जागी बागा आल्या. १८४६ साली पॅरिसहून उत्तरेकडे जाणारी रेल्वे सुरू झाली आणि तिचं एक स्टेशन इथे पडलं.

आता गंमत बघा. स्नानगृह आहे, हॉटेलं आहेत, बंगले आहेत, रेल्वे स्टेशन आहे, पण गाव अजून नाही. तळ्याचा एक काठ सँ-ग्रातियँ गावाच्या हद्दीत, दुसरा दयच्या, तिसरा स्वाझीच्या. रस्त्यावर दिवा लावायचा तर कुणाला विचारायचं? गटार कुणी बांधायची? शेतकऱ्यांच्या या गावांना पॅरिसच्या पाहुण्यांसाठी खर्च करण्यात रस असण्याचं कारण नव्हतं. अखेर १८५० मध्ये आजूबाजूच्या गावांच्या कडा कापून एक नवी नगरपालिका तयार केली गेली. एरवी आधी वस्ती असते, मग देऊळ किंवा चर्च येतं, बाजार येतो, शेवटी कारभार. इथे आधी पाहुणे आले आणि त्यांच्या सोयीसाठी मागाहून गाव जन्माला आलं.

नावही उसनंच. मूळ आंग्यँ आज बेल्जियममध्ये आहे. काँदे या राजघराण्याच्या शाखेत थोरल्या मुलाला 'आंग्यँचा ड्यूक' म्हणायची रीत होती. मोंमोराँसीची जहागीर या घराण्याकडे आली, तेव्हा १६८९ मध्ये तिचंच नाव बदलून आंग्यँ केलं, म्हणजे पदवीला पुन्हा जमीन मिळाली. टेकडीवरच्या गावाला ते नाव कधी मानवलं नाही. क्रांतीच्या धामधुमीत त्या गावाचं नाव रुसोच्या पुस्तकावरून 'एमील' असंही होऊन गेलं! अखेर ते पुन्हा मोंमोराँसी झालं आणि टाकून दिलेलं आंग्यँ हे नाव खाली तळ्याकाठी चिकटून राहिलं.

पुढची पन्नास वर्षं भराभर सांगतो. दुसऱ्या साम्राज्याच्या काळात नेपोलियनची पुतणी राजकन्या मातिल्द शेजारच्या सँ-ग्रातियँला उन्हाळ्यात राहायची आणि तिच्याकडे फ्लोबेरसारखे लेखक यायचे. १८६६ मध्ये आंग्यँहून टेकडीवर मोंमोराँसीपर्यंत छोटी रेल्वे निघाली, ती १९५४ पर्यंत धावली. १८७९ मध्ये शेजारी स्वाझीच्या हद्दीत घोड्यांच्या शर्यतींचं मैदान झालं. हेमिंग्वेने पॅरिसच्या आठवणींत या मैदानाचा उल्लेख केला आहे, आणि तो काही फार आदराने केलेला नाही. मिस्तँगेत ही पॅरिसच्या रंगमंचावरची गाजलेली गायिका-नर्तकी जन्मली ती आंग्यँमध्येच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तळ्याच्या काठावर कॅसिनो उभा राहिला.

आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

आधी एक साधा प्रश्न. औषधी पाण्याचा आणि जुगाराचा संबंध काय? युरोपभर ही जोडी दिसते. १८३७ च्या अखेरीस पॅरिसमधले जुगाराचे अड्डे सरकारने बंद केले, तेव्हा तिथला मोठा ठेकेदार बेनाझे उठून जर्मनीत बाडेन-बाडेनला गेला. तेही पाण्याचंच गाव. पुढे १८७२ मध्ये जर्मनांनी आपले जुगारखाने बंद केले, तोवर फ्रान्स्वा ब्लाँ हा दुसरा ठेकेदार हाँबुर्ग नावाच्या पाण्याच्या गावाहून माँटे कार्लोला जाऊन बसलेला होता. कारण सरळ आहे हो. पाण्याचा उपचार साधारण तीन आठवड्यांचा. सकाळी पेलाभर वास मारणारं पाणी प्यायचं, मग टबात बसायचं, मग विश्रांती. अकरा वाजले की रोगी मोकळा. खिशात पैसे आहेत, ओळखीचं कुणी नाही, संध्याकाळ लांबलचक आहे. अशा माणसाला नाटक, वाद्यवृंद आणि पत्त्यांचं टेबल लागतंच.

फ्रेंच कायद्याने नेमकी हीच गोष्ट धरली. जुगाराला सर्वसाधारण बंदी कायम ठेवून १५ जून १९०७ च्या कायद्याने अपवाद केला तो समुद्रस्नानाच्या, औषधी पाण्याच्या आणि हवापालटाच्या गावांसाठी. त्यामागचा हिशेब असा की अशा गावात येतात ते परके, ठरावीक हंगामात, आणि बहुतेक सुखवस्तू. ते हरले तर हरले. रोज कष्ट करून पगार घरी नेणाऱ्या माणसाच्या वाटेत जुगाराचं टेबल येऊ नये, इतकं सांभाळलं म्हणजे झालं. हा विचार आज ऐकताना थोडा वर्गीय वाटतो आणि आहेच तसा. पण त्यात एक शहाणपणही होतं: मोहापासून माणसाला वाचवायचं तर त्याच्यात आणि मोहात थोडं अंतर ठेवावं.

१९२० मध्ये हे अंतर आकड्यात मांडलं गेलं. ३१ जुलै १९२० च्या कायद्याने पॅरिसपासून शंभर किलोमीटरच्या आत कॅसिनोतल्या जुगाराला मनाई केली. लाखो कारकून, कामगार, दुकानदार असलेलं शहर मध्ये, आणि त्याभोवती शंभर किलोमीटरचं वर्तुळ. ज्याला खेळायचंच आहे त्याने निदान गाडीचं तिकीट काढावं, अर्धा दिवस घालवावा. वाटेत विचार बदलायला तेवढीच सवड. नॉर्मंडीतलं फोर्ज-लेझ-ओ हे गाव या रेषेच्या जरासं बाहेर पडतं, आणि तिथेही कॅसिनो आहे, हे वेगळं सांगायला नको.

वर्तुळाच्या आत सापडलं आंग्यँ. जुगार गेला तर कॅसिनो ही नुसती नाचगाण्याची इमारत उरणार. मग १९३१ मध्ये औषधी पाण्याच्या गावांसाठी सवलत आली. व्यवहारात तिचा लाभ एकाच गावाला झाला, कारण पॅरिसच्या प्रदेशात औषधी पाण्याचं मान्यताप्राप्त गाव हे एकच. सगळ्या बाजूंनी कुंपण घातलं आणि आतल्या एकाच दाराची किल्ली एकाच्याच हातात दिली, असा हा प्रकार. ज्या कायद्याने आंग्यँचा धंदा बुडायचा, त्याच कायद्याने त्याचे सगळे स्पर्धक हटवून दिले.

आता अंतराचा हिशेब पुन्हा मांडा. पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकावरून आज 'एच' मार्गाची लोकल पकडली की पंधरा मिनिटांच्या आसपास आंग्यँ येतं. ऑफिस सुटल्यावर जाऊन रात्री परत घरी येता येतं. शंभर किलोमीटरच्या नियमाने ज्या माणसाला वाचवायचं ठरवलं होतं, तोच कारकून, तोच दुकानदार, आता पेन्शनरसुद्धा, या गाडीत असतो. आणि त्याच्यासोबत कुणी 'तीन आठवड्यांचा रोगी' नसतो. कायद्यातल्या व्याख्येत जो पाहुणा आहे तो कागदावरच राहिला.

सुरुवातीला सरकार सावध होतं. टेबलांवर कुठले खेळ चालावेत यावर बंधनं होती. १९८७ मध्ये फ्रेंच कॅसिनोंना स्लॉट मशीन लावायला परवानगी मिळाली, पण आंग्यँला मात्र बरीच वर्षं ती नाकारली गेली, कारण पॅरिसच्या इतक्या जवळ यंत्रं बसवली तर काय होईल याची कल्पना सगळ्यांनाच होती. अखेर २००२ मध्ये तीही आली. रूलेटच्या टेबलाशी उभं राहायला थोडी माहिती, थोडा आत्मविश्वास लागतो. यंत्रासमोर बसायला काहीच लागत नाही. फ्रेंच कॅसिनोंचं बहुतांश उत्पन्न आज या यंत्रांतूनच येतं. पहिल्या क्रमांकाचा कॅसिनो तळ्याच्या सौंदर्यावर चालतो असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

या पैशातला वाटा नगरपालिकेला मिळतो. खेळणाऱ्यांनी लावलेल्या रकमेतून जिंकणाऱ्यांना दिलेली रक्कम वजा केली की जे उरतं, म्हणजे खरं तर खेळणाऱ्यांनी गमावलेले पैसे, त्यावर राज्य चढत्या दराने कर घेतं आणि नगरपालिका १५ टक्क्यांपर्यंत हिस्सा घेऊ शकते. शिवाय कॅसिनो चालवणं हा तिथे नगरपालिकेने ठरावीक मुदतीसाठी दिलेला ठेका असतो, आणि ठेकेदाराला जुगाराच्या जोडीने खानपान आणि करमणुकीचे कार्यक्रम चालवावे लागतात. आंग्यँमध्ये हा ठेका बारिएर समूहाकडे आहे. कॅसिनो, थिएटर, हॉटेलं, स्पा, सगळं तळ्याकाठी हाताच्या अंतरावर. नगरपालिकेच्या उत्पन्नात कॅसिनोचा वाटा मोठा आहे, आणि त्यातून काय होतं ते दिसतं: देखणे रस्ते, फुलांचे ताटवे, २००२ मध्ये उघडलेलं कलाकेंद्र, डिजिटल कलेचा महोत्सव. २०१३ मध्ये युनेस्कोने माध्यमकलेचं सर्जनशील शहर म्हणून या बारा हजारांच्या गावाला आपल्या यादीत घेतलं. ल्यों शहर त्याच यादीत आहे, आणि त्याच्या शेजारी हे गाव.

गावाने पैसा उधळला असं आम्ही म्हणत नाही. उलट कॅसिनोच्या पैशातून कलाकेंद्र काढणारी नगरपालिका आम्हाला आवडते. आमची अडचण हद्दीची आहे. आंग्यँच्या दक्षिणेला एपिने हे गाव, आणि तिथून सेन-सँ-दनी जिल्हा सुरू होतो. मुख्यभूमीच्या फ्रान्समधला हा सर्वात गरीब जिल्हा. एपिनेमध्ये ओर्जमाँसारख्या मोठमोठ्या सरकारी वसाहती आहेत. तिथला माणूस चालत आंग्यँला येऊ शकतो आणि यंत्रासमोर बसू शकतो. तो जे हरतो त्यातला नगरपालिकेचा हिस्सा आंग्यँच्या फुलांना जातो. त्याच्या कर्जाचा, मोडलेल्या संसाराचा भार मात्र एपिनेच्या समाजसेवा कार्यालयावर पडतो. १८५० साली तळ्याभोवती रेष ओढली तेव्हा दिवे आणि गटारं कुणाची हा प्रश्न होता. त्याच रेषेने आज जुगाराचा नफा कुणाचा आणि नुकसान कुणाचं हे ठरतं. आमच्या मते हा हिस्सा निदान शेजारच्या गावांशी वाटून घ्यायला हवा.

राज्याने काहीच केलं नाही असं नाही. २००६ पासून फ्रान्सच्या कॅसिनोंत शिरताना ओळखपत्र दाखवावं लागतं. ज्याला आपली सवय सुटत नाही असं वाटतं तो स्वतःहून आपलं नाव बंदीच्या यादीत घालून घेऊ शकतो, निदान तीन वर्षांसाठी. दारावरचा माणूस ओळखपत्र तपासतो, नाव यादीत असेल तर परत पाठवतो. पूर्वी जे काम शंभर किलोमीटर करत होते ते आता एक यादी करते, एवढं म्हणता येईल. फरक इतकाच की यादीत नाव घालायला माणसाला आधी स्वतःशी कबुली द्यावी लागते. अंतराला कबुली लागत नव्हती.

गावाची बाजूही ऐकायला हवी. ज्या सवलतीवर सगळं उभं आहे ती कधीही काढून घेतली जाऊ शकते. १९८८ मध्ये फ्रेंच संसदेने मोठ्या शहरांसाठी एक दार उघडलं: पाच लाखांवर लोकसंख्येच्या नागरी पट्ट्याचं मुख्य शहर असेल आणि नाटक, वाद्यवृंद, ऑपेरा यांना पुरेसा आधार देत असेल, तर तिथे कॅसिनो होऊ शकतो. बोर्दो, तुलूझ, लील यांनी त्याचा फायदा घेतला. पॅरिस मात्र शंभर किलोमीटरच्या नियमामुळे बाहेरच राहिलं. पॅरिसमध्ये जुगाराचे खासगी क्लब होते, पण २०११ पासूनच्या पोलिसी कारवायांत ते एकामागोमाग एक बंद झाले. २०१५ मध्ये सरकारने मागवलेल्या एका अहवालात पॅरिसमध्ये कॅसिनो उघडायची शिफारस होती. आंग्यँच्या नगरपालिकेला धक्का बसला, विरोध झाला. शेवटी २०१७ च्या कायद्याने मधला मार्ग निघाला: पॅरिसमध्ये प्रायोगिक स्वरूपाचे खेळ-क्लब, पत्त्यांचे ठरावीक खेळ चालतील, रूलेट नाही, स्लॉट मशीन नाही. २०१८ पासून ते सुरू झाले आणि प्रयोगाची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. पॅरिसमध्ये असा एक क्लब बारिएर समूहानेही काढला! ठेकेदाराचे पाय दोन्ही दगडांवर आहेत, नगरपालिकेचा मात्र एकाच.

हा दगड किती डुगडुगतो ते २०२० मध्ये दिसलं. मार्चमध्ये साथीमुळे फ्रान्सचे सगळे कॅसिनो बंद झाले. उन्हाळ्यात उघडले, ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा बंद झाले ते २०२१ च्या मे महिन्यापर्यंत. ज्या नगरपालिकेची तिजोरी एका इमारतीतून भरते तिला त्या महिन्यांत काय वाटलं असेल, ते साखर कारखाना बंद पडलेल्या गावाच्या सरपंचाला विचारा. शाळा, कलाकेंद्र, बागा यांचा खर्च काही थांबत नाही.

आणि तळं? सगळ्या गोष्टींत ते मागेच पडलं. आज आजूबाजूचं खोरं पूर्ण बांधलं गेलं आहे. पाऊस पडला की रस्त्यांवरचं आणि छपरांवरचं पाणी उतरून या उथळ तळ्याकडे येतं, सोबत गाळ आणि रस्त्यावरची घाण आणतं. म्हणजे वल्ही मारायला आणि फोटो काढायला असलेलं हे तळं खोऱ्याचं पुराचं पाणीही सांभाळतं. ते आटोक्यात ठेवायचं काम परिसरातल्या गावांनी मिळून चालवलेल्या सांडपाणी आणि नदी व्यवस्थापनाच्या संस्थेकडे आहे. तिच्या नावात आंग्यँ आहे, पण खर्च सगळ्यांचा आहे. पाण्याच्या बाबतीत शेजाऱ्यांना हद्द ओलांडून एकत्र यावंच लागलं, कारण पावसाला नगरपालिकेची सीमा कळत नाही.

नोंदणी करताना एका श्रोत्याने विचारलं होतं: समजा तळं आटलं, तर कॅसिनो बंद होईल का? उत्तर आता तुम्हीच देऊ शकता. कायद्याची सवलत औषधी पाण्याच्या गावाला आहे, तळ्याला नाही. तळं कोरडं पडलं तरी जमिनीखाली जिप्सममधून गंधकाचं पाणी येत राहील, तोवर कागदावर गाव पाण्याचंच राहील आणि दारावरचा माणूस ओळखपत्र तपासत राहील. उलट झरा गेला आणि तळं काठोकाठ भरलेलं असलं, तर मात्र वकिलांना काम मिळेल.

पुढच्या वेळी ल्योंकडे जाऊ. त्या शहराच्या बाजूलाही असंच एक ले-बँ आहे, शार्बोनियेर नावाचं, आणि तिथला कॅसिनो गावाची हद्द ओलांडून शेजारच्या गावात कसा जाऊन बसला ते पाहू. आता प्रश्न घेऊ या.